सेल्बी लोळत नाही

चोरून खाल्लेल्या आंबट जर्दाळूंच्या अकरा बिया, वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळून पिशवीच्या तळाशी लपवलेल्या.

आठ हात लोकरीची दोरी. सासू म्हणाली, "मेंढी बांधायला." तुर्कमेनिस्तानातल्या तेजेन गावी त्यांच्या चौथ्या मजल्यावरच्या घरात मेंढी नव्हती.

मर्वला सुलतानाच्या कबरीवरचा घुमट बघायला सगळ्यांनी माना वर केल्या, तेव्हा एकजण भिंतीमागे ओकत होती. यात्रेच्या मिनिबसमधल्या बायकांनी खापर उंटिणीच्या आंबट दुधावर फोडलं.

रुमालाचं एक टोक, कायम ओलं.

ते टोक सेल्बीच्या दातांत असायचं. सासऱ्यांसमोर सुनेनं ते दातांत धरायचं आणि बोलायचं नाही, ही रीत. लग्नाला चार वर्षं झाली, पण सासऱ्यांनी, नझारआगांनी, सुनेचा आवाज ऐकला नव्हता.

पोटात सातवा आठवडा. नवऱ्यालाही पत्ता नव्हता. मागच्या वेळी तिनं लगेच सांगून टाकलं, गल्लीभर गोड वाटून झालं, आणि नवव्या आठवड्यात त्याच बायका सांत्वनाला आल्या. या वेळी तीन महिने भरेपर्यंत अवाक्षर काढायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं. रीत मदतीला होतीच.

पण यात्रेच्या चौथ्या दिवशी मिनिबस कुन्या-उर्गेंचला पोचली.

आधी मिनार. नझारआगांनी डोळे बारीक करून त्याचा कल पाहिला. "सातशे वर्षं उभा आहे. थोडा वाकलाय, पण हट्ट सोडत नाही. घरी कुणीतरी असंच आहे."

"वाकले ती तुमच्यामुळे," ओगुलसोना म्हणाली. ही सेल्बीची सासू.

मग टेकडी. चाळीस मुल्लांची. मूल हवं असलेली बाई तिच्या माथ्यावर आडवी होते आणि लोळत खाली येते. दहा-बारा जणी रांगेत होत्या. प्रत्येक जण खाली पोचली की धुळीत शिंकायची आणि सगळ्या हसायच्या.

"एवढ्यासाठीच तर आणलं हिला," ओगुलसोनानं शेजारणीला, गुलशातला सांगितलं. "हं, सूनबाई, व्हा आडव्या."

सेल्बीनं सासूच्या कानात कुजबुज केली. "एजे, झगा नवा आहे."

"झटकला की झालं."

"चपलेचा पट्टा तुटलाय."

"लोळायचंय, चालायचं नाही."

"मला गरगरतं."

"गरगरायलाच पाहिजे!" गुलशात मधेच म्हणाली. "मी दोनदा लोळले, जुळी झाली. तू अर्ध्यातच थांब हवं तर."

पाठीमागच्या बायका ढकलू लागल्या. कुणीतरी सेल्बीचा खांदा धरला. उतारावर खडे होते, विटांचे तुकडे होते. सेल्बीनं एक हात पोटावर ठेवला, दुसऱ्यानं रुमालाचं टोक दातांतून काढलं.

"मी लोळणार नाही."

मोठ्यानं. नझारआगा चार हातांवर उभे होते.

नझारआगांनी लगेच तोंड फिरवलं आणि पुन्हा मिनार न्याहाळायला घेतला. "आवाज छान आहे की," ते मिनाराला म्हणाले. "मला वाटायचं, चिरका असेल."

ओगुलसोनानं सुनेकडे पाहिलं, मग पोटावरच्या त्या हाताकडे. पायातले जोडे काढून सेल्बीकडे दिले. रुमाल घट्ट बांधला, आणि सत्तावन्नाव्या वर्षी टेकडीच्या माथ्यावर आडवी झाली.

"अगं सोना, तुला काय हवंय या वयात?" गुलशात किंचाळली.

"नंबर लागलाय, वाया कशाला घालवू!"

ती लोळली. मधे एकदा अडकली, शिव्या दिल्या, पुन्हा निघाली. "धरा रे कुणीतरी!" नझारआगा ओरडत तिच्यामागे उतारावर धावले, आणि त्यांची टोपीही लोळत तिच्याआधी खाली पोचली.

"आता पाळणा तुमच्याच घरी, आगा!" रांगेतून कुणीतरी म्हणालं.

धुळीनं पांढरी झालेली ओगुलसोना वर आली, धापा टाकत. जोडे घातले. सेल्बी बोलायला गेली, तर सासूनं रुमालाचं टोक उचलून तिच्या तोंडात कोंबलं.

"तीन महिने होऊ देत, मग बोल," ती हळूच म्हणाली. "या बायकांना संशय नको म्हणून तुला लोळायला सांगत होते. आणि बसमध्ये पुढे बस. मागे धक्के लागतात."

मर्वजवळच्या बाजारात, तीन दिवसांपूर्वी, ओगुलसोनानं दुकानदाराकडे पाळण्यासाठी आठ हात दोरी मागितली होती.