कड्याखालची पाठवणी

"इवाई, कानातला फाया काढा आधी!" मनकर्णाबाईंनी नवरदेवाच्या काकांना, महादेवरावांना, भर वाटेत अडवलं.

"अहो बाई, लग्नाचं अत्तर हाय थे. काऊन काढू?"

"कड्याले आग्या मोहोळ हाय. वासानं उठलं म्हंजे कोनाचीच खैर नाई."

व्याह्याला असं सुनावणं म्हणजे नव्या सोयरिकीत मिठाचा खडा टाकणं. पण मनकर्णाबाईंना आज मानापानाची पर्वा नव्हती. लेक शालू लहानपणी बोरं वेचायला गेली, तेव्हा एकाच माशीनं तिचा डोळा बुजवला, घसा आवळला. पोरीला आवाजच फुटेना. वाचली ती दैवानं. तेव्हापासून या बाईनं लेकीच्या वेणीत फूल म्हणून माळलं नाही. गावातल्या बाया हसायच्या. हसोत बापड्या! दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकूनच प्यावं लागतं.

आणि सासर मिळालं ते साखरखेर्ड्याचं. मुलगा सीपी-वऱ्हाड प्रांताच्या सरकारी शाळेत मास्तर, माणसं भली. पण गाडीवाट एकच, कड्याखालून. गावाची रीत ठरलेली होती. कड्याशी आलं की सनई थांबायची, बैलांच्या घुंगरमाळा उतरायच्या, नवरीनंही हुंदका गिळायचा. पलीकडच्या विहिरीवर पोचलं की गाडीवान माळा पुन्हा बांधून खुळखुळवायचा. तो आवाज आला की अलीकडच्या बाया सुखरूप म्हणून घरी वळायच्या.

दीर उकंडरावांनी माळा काढून गाडीत ठेवल्या. त्या किणकिणल्या.

"द्या भावजी इकडं," म्हणून मनकर्णाबाईंनी त्या पदरात गुंडाळून कमरेला घट्ट खोचल्या. गाडीतलं काळं घोंगडं काढून टाकलं. काळ्या रंगावर माशी चवताळते.

"शालू, माशी आंगावर बसली तरी झटकू नको. हात हालवू नको. अन् रडू नको, माय."

शालूनं ओठ दाबून मान हलवली. गाडी वळणाआड गेली.

बाया अलीकडेच थांबल्या. वर कड्याला काळी पोळी लोंबत होती. ऊन चढलं तशा माश्या सुटू लागल्या. विहीर काही लांब नव्हती, तरी घुंगरं वाजेनात. मनकर्णाबाईंचा जीव टांगणीला लागला. एव्हाना गाडी पोचायला हवी होती. बैल उधळले असतील? पोरीनं हात हलवला असेल?

"वहिनी," शेजारच्या वच्छलाबाई कुजबुजल्या, "घुंगरं काऊन वाजून नाई राह्यले?"

मनकर्णाबाई खाली वाकून वळणाकडं पाहू लागल्या, तशी कमरेला काहीतरी टोचलं. त्यांनी पदर चाचपला. माळा तिथंच होत्या! लेकीचं तोंड कुरवाळण्याच्या नादात द्यायच्या राहून गेल्या होत्या. जीव कानांत आणून ज्या आवाजाची वाट पाहत होत्या, तो त्यांनीच कमरेला बांधून ठेवला होता. आता पलीकडचं कळणार कसं?

तेवढ्यात वळणापलीकडून किंकाळीसारखं रडणं आलं.

"अगं माय! पोरीले चावलं वं!" वच्छलाबाईंनी त्यांचा दंड धरला.

मनकर्णाबाईंनी श्वास रोखला. रडणं पुन्हा आलं, लांबलचक, अगदी बेंबीच्या देठापासून, "मी चालली वं, मायऽ!"

"नाई वं," त्या हळूच म्हणाल्या. "घसा मोकळा हाय तिचा. विहिरीवर पोचली माही पोर."

लेकीला ओ द्यावी असं फार वाटलं. पण डोक्यावर मोहोळ होतं. त्यांनी पदराचा बोळा तोंडात कोंबला, आणि दुसऱ्या हातानं घुंगरं घट्ट आवळून धरली. एकही वाजू दिलं नाही.