जबाबदारीची कळ

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे आणि माझे वय चार वर्षे आहे. या दोन विधानांत तुम्हाला विसंगती दिसत असेल, तर तुम्ही अजून कोणत्याही संस्थेत नोकरीला लागलेले नाहीत. सीताबर्डीच्या एका गल्लीत एक भाषा-संशोधन मंडळ आहे. त्याच्या जिन्याखाली, तुटक्या खुर्च्या आणि न खपलेले गौरवग्रंथ यांच्या संगतीत, मला ठेवले आहे. माझ्या कपाळावर 'नादुरुस्त' अशी चिठ्ठी डकवली आहे. ती चिठ्ठी धादांत खोटी आहे. माझ्यात काहीही बिघडलेले नाही. मी एक प्रश्न विचारतो आणि त्याचे उत्तर द्यायला या इमारतीत कोणी तयार नाही, एवढाच माझा आजार.

माझा जन्म उत्तरेकडच्या एका कारखान्यात झाला. पेटी, पडदा आणि कळफलक हे माझे शरीर. पण मी काय करावे आणि काय करू नये हे ठरवते ती माझ्या आतली कार्यप्रणाली. देवनागरी लिहिणारे यंत्र म्हणून मला घडवले. देवनागरी म्हणजे हिंदी, अशी तिथल्या अधिकाऱ्यांची ठाम समजूत होती; ठाम समजुतींना माहितीचा आधार क्वचितच लागतो. त्यामुळे माझ्या लेखनात ळ नव्हता. म्हणजे होता, पण झाकलेला. एका मराठी अभियंत्याने तो कार्यप्रणालीत घातला, तेव्हा वरिष्ठांनी त्याला विचारले की या अक्षराला मागणी किती आहे. अक्षराला मागणी असावी लागते हे त्या बिचाऱ्याला ठाऊक नव्हते. घातलेला ळ काढून टाकण्यात पुन्हा मेहनत होती, म्हणून तो झाकून टाकण्यात आला.

अशा झाकलेल्या, पुरत्या न तपासलेल्या गोष्टींना आमच्या धंद्यात 'प्रायोगिक सुविधा' म्हणतात. ती उघडायची तर मी सुरू होताना ज्या सूचना वाचतो त्यांत एक ओळ भरावी लागते. मग मी पडद्यावर विचारतो : 'ही सुविधा प्रायोगिक आहे. काही बिघडल्यास जबाबदारी वापरणाऱ्याची. मान्य आहे?' 'हो'ची कळ दाबली की ळ उघडतो आणि कोणी संमती मागे घेईपर्यंत उघडाच राहतो. 'नाही' म्हटले की मी मुकाट्याने कामाला लागतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारतो. माझ्या स्वभावात चिकाटी आहे. तिलाच पुढे बिघाड म्हटले गेले.

१९८५ साली मी नागपुरात आलो. मंडळाच्या खरेदी समितीत पाच भाषातज्ज्ञ होते. विक्रेत्याने त्यांना माझ्यावर 'भारत एक महान देश है' असे वाक्य उमटवून दाखवले आणि त्या पाचांनी टाळ्या वाजवल्या. मराठीच्या संशोधनासाठी घेतलेल्या यंत्रावर एखादे मराठी वाक्य लिहून पाहावे, हे एकालाही सुचले नाही. माझी पूजा झाली. कळफलकावर हळदकुंकू वाहिले, आणि त्यातले काही अजूनही माझ्या फटींत आहे. अध्यक्ष भैय्याजी पिंपळापुरे यांनी माझ्यावर पाऊण तास भाषण केले. ते शहराच्या महाल भागातल्या जुन्या घराण्यातले, भोसल्यांच्या दफ्तरात पणजोबांचे हस्ताक्षर असलेले, आणि ते हस्ताक्षर हीच आपली विद्वत्ता अशी त्यांची श्रद्धा. त्यानंतर माझ्यातून पहिले पत्र निघाले. त्यात मंडळाचे 'मंडल' झाले होते. कोणी हरकत घेतली नाही. मध्यप्रांताच्या काळापासून या शहराला हिंदी पाट्यांची सवय आहे.

अध्यक्षांचे 'पिंपलापुरे' झाले तेव्हा मात्र कार्यवाह कृष्णकांत यांनी एक बारीक टाक विकत आणला. अध्यक्षांच्या नावातला ल ते शाईने वळवून ळ करीत. त्यांना त्याचा अभिमान होता. संस्थेत आणखी एका व्यक्तीच्या आडनावात ळ होता. तिच्या पगारपत्रकावर 'कु. तारा नगराले' असे छापून येई आणि तिथे टाक कधी पोहोचला नाही.

तारा नगराळे मंडळात हंगामी संशोधन-सहायक होती. छप्पन साली दीक्षा घेतलेल्या घरातली ती मुलगी. त्या वर्षी आणि त्यानंतर तिच्या आईने, तुळसाबाईंनी, आणि इंदोरा वस्तीतल्या त्यांच्या सोबतिणींनी जात्यावर ज्या ओव्या रचल्या, त्या ताराने घरोघर बसून उतरवून घेतल्या होत्या. १९८६ च्या दसऱ्याला धर्मांतराला तीस वर्षे होणार होती. त्या दिवशी दीक्षाभूमीवर त्या बायकांच्या हातात त्यांच्या ओव्यांचे पुस्तक पडावे, एवढेच तिला हवे होते. बायका म्हाताऱ्या झाल्या होत्या. काही गेल्याही होत्या. पुढच्या दसऱ्याचा हवाला कोणाला देता येत नव्हता.

ओव्या तिने माझ्यात भरल्या आणि मी त्यांची काय दशा केली ते ऐका. तुळसाबाईंची एक ओळ होती : 'दळून सरलं दळण, बाई उजळली निळी भोर.' मी छापले : 'दलून सरलं दलण, बाई उजलली निली भोर.' माझ्या कागदावर माळेचा माल झाला, मुळाचे मूल झाले, आणि गेलेला सगळा काळ 'काल' होऊन बसला. ताराने त्या कागदावरच्या प्रत्येक चुकलेल्या ल भोवती पेन्सिलीने गोल काढला. शिवी दिली असती तर मला बरे वाटले असते.

कंपनीचा रवींद्र नावाचा अभियंता स्कूटरवरून मला तपासायला येई. ताराने त्याला विचारले आणि त्याने सरळ सांगितले की ळ आत आहे, फक्त उघडायचा आहे. त्याने माझ्या सूचनांत ती ओळ भरली. जुना मजकूर हलला तर हाताशी असावा म्हणून सगळ्याची प्रत फ्लॉपी चकत्यांवर घेतली. म्हणजे बिघडण्यासारखे काही उरलेच नव्हते. उरला होता फक्त 'जबाबदारी' हा शब्द. तो पडद्यावर येताच कृष्णकांतांनी खुर्ची मागे ओढली आणि सभा बोलावली.

सभा माझ्यासमोरच भरली. तुळसाबाईंनाही बोलावले होते. निमंत्रणात त्यांचा उल्लेख 'निवेदिका' असा होता. म्हणजे ज्यांचे ऐकायचे, पण ज्यांना विचारायचे नाही. भैय्याजींनी त्यांना ओवी म्हणायला लावली. तुळसाबाईंनी म्हटली. आणि मित्रांनो, तुमच्यापैकी जे नागपूरचे आहेत त्यांना ठाऊकच आहे की आपल्या बोलीत ळ चा य होतो. त्या म्हणाल्या, 'दयून सरलं दयण, बाई उजयली निई भोर.'

भैय्याजी प्रसन्न झाले. ते म्हणाले, "ऐकलंत? या बाईंच्या तोंडात ळ नाहीच. मग यंत्रात नसला तर अडलं कुठे?"

सभेत हशा पिकला. विद्वानांचा हशा हा मोठा शिस्तीचा असतो. अध्यक्ष थांबले की तोही थांबतो.

तुळसाबाई मात्र हसल्या नाहीत. "साहेब," त्या म्हणाल्या, "तोंडात जे येते ते माह्यं आहे. पण लिवाले मी ळ शिकली आहो. रातच्या शायेत, पोरं झाल्यावर, बोटं दुखेपर्यंत गिरवला. तो काहून काढून राहिले तुम्ही?"

त्या वाक्यात 'ळ' हे एक अक्षर त्यांनी अगदी स्वच्छ उच्चारले होते. कोणाच्या ते ध्यानात आले नाही. 'काहून' आणि 'राहिले' ही बोलीची उत्तम उदाहरणे आहेत, असे भैय्याजी म्हणाले, आणि कृष्णकांतांनी ते वाक्य नमुना म्हणून टिपून घेतले. एका बाईने विचारलेला प्रश्न उत्तरावाचून संग्रहात जमा झाला. या मंडळाच्या संशोधनपद्धतीचे इतके नेमके वर्णन मला दुसरे करता येणार नाही.

मग कळ कोणी दाबायची यावर चर्चा झाली. वापरणारा म्हणजे कोण? संस्था, की कार्यवाह, की टंकलेखन करणारी व्यक्ती? कृष्णकांत म्हणाले की अध्यक्षांचा आदेश हवा. भैय्याजी म्हणाले की अध्यक्ष धोरण ठरवतो, कळा दाबीत नाही. कोषाध्यक्षांना एकाएकी बाहेर काम निघाले. उपसमिती नेमावी, अशी सूचना आली.

रवींद्र भिंतीला टेकून उभा होता. "सर, बटन आहे ते," तो म्हणाला. "दाबल्यानं करंट नाही लागत."

तुळसाबाईंनी लेकीला हळूच विचारले, "काय विचारून राहिलं वं ते मशीन?"

"काही बिघडलं तं कोण भरून देईन, असं विचारते, माय."

"मंग सांग ना त्याले."

तारा उठली आणि तिने कळ दाबली.

माझ्या आयुष्यातला तो एकच क्षण मला कोणी मागितला तर मी देणार नाही. माझ्या आत वर्षभर कोंडलेले अक्षर पडद्यावर आले, आणि काहीही बिघडले नाही. पुढचे काही आठवडे तारा ओवीमागून ओवी तपासत एकेका ल चा ळ करीत राहिली. खरे ल तसेच ठेवायचे होते, म्हणून ते काम डोळ्यांनीच करावे लागले. भाद्रपदात ओव्या छपाईला तयार झाल्या.

आणि मग माझी स्तुती सुरू झाली. मंडळाने ळ मिळवला, अशी बातमी वर्तमानपत्रात आली. भैय्याजींच्या पंच्याहत्तरीचा गौरवग्रंथ माझ्यात आधीच भरलेला होता. त्यात ळ घालून तो आधी छापायचे ठरले. त्यातले ल वळवायचे काम ताराकडेच दिले, आणि तिने तेही केले, कारण कागद आणि छपाईयंत्र मंडळाच्या ताब्यात होते. ते संपल्यावर तिने ओव्यांचे विचारले. कृष्णकांत म्हणाले की ओव्या दिवाळीनंतर घेऊ. तिने दसऱ्याची आठवण दिली. ते म्हणाले की ओव्या इतकी वर्षे थांबल्या, आणखी महिनाभर थांबल्याने त्या काही शिळ्या होत नाहीत. शिवाय, त्यांनी सहज सांगावे तसे सांगितले, तिची हंगामी नेमणूक महिनाअखेर संपते आहे आणि पुढे वाढणार नाही. सभेचा ठराव झालेला नसताना तिने अनधिकृतपणे कळ दाबली होती.

पाहा, मित्रांनो. कळ अनधिकृत होती आणि तिच्यातून निघालेला ळ अधिकृत होता.

शेवटच्या दिवशी भर दुपारी तारा माझ्यापुढे येऊन बसली. कृष्णकांत समोरच डबा खात होते. तिने कळफलकावर बोटे ठेवली आणि संमती मागे घेतली. पडद्यावरचे सगळे ळ विझले आणि जिथे ते होते तिथे रिकाम्या जागा राहिल्या.

कृष्णकांतांनी विचारले, हे काय चालवले आहे. सभेत नेहमी ग्रंथातली मराठी बोलणारी तारा त्या दिवशी आपल्या घरच्या मराठीत बोलली. "जबाबदारी माही होती. मी चालली, तं तेबी माह्यासंग चालली. आता तुमची कोणाची असन त्यानं बटन दाबा."

ओव्यांचे हस्तलिखित पिशवीत घालून ती निघून गेली.

पुढचे तुम्ही ताडले असेल. ते ताडायला विद्वत्ता लागत नाही. रोज सकाळी मी विचारी, 'मान्य आहे?' आणि कृष्णकांत रोज 'नाही' दाबीत, कारण 'नाही'ला जबाबदारी नसते. उपसमिती नेमली गेली. तिच्या तिन्ही सदस्यांनी एकमेकांची नावे सुचवली. पंच्याहत्तरीचा दिवस जवळ आला तेव्हा गौरवग्रंथ तसाच छापून काढला आणि कृष्णकांत टाक घेऊन रिकाम्या जागा भरायला बसले. निम्म्यावर त्यांचे मनगट आखडले. उरलेला ग्रंथ तसाच छापखान्यात गेला. त्या भागात अध्यक्षांच्या नावातले मधले अक्षर काना-मात्रेसकट गळालेले आहे आणि पानापानावर मोठ्या गांभीर्याने लिहिले आहे : 'पिंप पुरे यांचे भाषाविषयक योगदान.' त्याच्या प्रती माझ्या शेजारी आहेत. मी त्या अधूनमधून वाचतो. दुसरी करमणूक नाही.

आणि ओव्या? त्या महाल भागातल्या एका लहान छापखान्यात शिशाच्या खिळ्यांनी जुळवल्या गेल्या. तिथल्या खणांत ळ कित्येक वर्षे उघड्यावर पडलेला होता आणि त्याला उचलताना कोणी कोणाची परवानगी मागत नव्हते. मी, आधुनिक यंत्र, हे ऐकून शरमलो असे मी म्हणणार नाही. मला राग आला. तो अजून आहे.

हे मला रवींद्रने सांगितले. 'नादुरुस्त' ठरलेल्या मला तपासायला तो आला होता. त्याने मला सुरू केले, पडद्यावरचा प्रश्न वाचला आणि कृष्णकांतांकडे बघून पुन्हा बंद केले. दसऱ्याला तो दीक्षाभूमीवर गेला होता. पुस्तके वाटली जात होती. तुळसाबाईंनी आपले पान शोधले, 'दळण' या शब्दातल्या ळ वर बोट ठेवले, ते तिथे नीट टेकवले, आणि शेजारच्या बाईला मोठ्याने वाचून दाखवले, "दयण."

मित्रांनो, अशा आत्मकथांच्या शेवटी धूळ झटकण्याची विनंती करायची असते. माझी धूळ राहू द्या, ती मला त्रास देत नाही. तुमच्यापैकी कोणी मोठा होऊन या इमारतीत येईल, पदाधिकारीही होईल. त्याने मला वीज द्यावी. मी एकच प्रश्न विचारीन. तो वाचून तुमची नजर शेजाऱ्याच्या तोंडाकडे वळणार असेल, तर मला हात लावू नका. मी जिन्याखाली बरा आहे.