उरलेला अर्धा दगड

विद्याधर आजोबांना बोलायला तीन मिनिटं मिळणार होती, आणि शर्मिष्ठाने त्यांचा प्रश्न चाळीस सेकंदांत बसवून दिला होता. वक्तृत्वाच्या दोन ढाली घरात उगाच नव्हत्या आल्या. पण आजोबांनी कागदावर वरच्या अंगाला आभारांचा परिच्छेद जोडलाच. आधी अध्यक्षांचे आभार, मग संचालकांचे, मग अहवाल वेळेवर पाठवल्याबद्दल सेक्रेटरी विभागाचे.

"आजोबा, ज्यांनी फसवलं त्यांचे आभार?"

"भागधारकांच्या सभेत असंच सुरू करतात. आपण पार्ल्याचे आहोत गं, नाक्यावर भांडणारे नाही."

प्रश्न साधा होता. कुठल्याशा लांबच्या डोंगरात सोनं शोधणाऱ्या कंपनीने दोन वर्षांपूर्वी छाती फुगवून जाहीर केलं, की एक टन दगडात सहा ग्रॅम सोनं आहे. शेअर भडकला. मग दुसऱ्या प्रयोगशाळेने तपासलं, तर अर्धा ग्रॅमही निघेना. शेअर मातीत गेला. कंपनी म्हणे, दुसऱ्यांचे नमुने चुकीचे. आता, जमिनीतून काढलेला दगडाचा दांडा उभा चिरतात. अर्धा तपासायला जातो, अर्धा पेटीत जपून ठेवतात, नेमका असल्या वादासाठी. तो उरलेला अर्धा कुठे आहे आणि तिसऱ्या प्रयोगशाळेला देणार का, एवढंच आजोबांना विचारायचं होतं.

एकतीस वर्षं रंगाच्या कंपनीच्या प्रयोगशाळेत घालवलेल्या माणसाने हे शेअर घेण्याआधीच विचारायला हवं होतं. विचारलं नाही. उलट मागच्या गावठाणातल्या ल्युसीआँटीला सांगितलं, घे बिनधास्त. तिचा नवरा अर्बन वारल्यावर आलेले विम्याचे पैसे तिने त्यांच्या शब्दावर घातले. आता गावठाणात कुजबुज होती, की लॅबवाल्या म्हाताऱ्याला सगळं ठाऊक होतं, स्वतःचे शेअर त्याने कधीच विकून टाकले. आजोबांनी एकही विकला नव्हता. पण ते दारोदार कागद दाखवत फिरणार थोडेच! म्हणून त्यांनी ल्युसीआँटीला सभेच्या दिवशी घरी बोलावलं. मी विचारतो ते तू कानांनी ऐक, म्हणाले.

गणपतीची सुट्टी होती. सभा लॅपटॉपवर. आजोबा इस्त्रीचा शर्ट घालून बसले. वसुधा आजीने केलेल्या चहाला ल्युसीआँटीने हात लावला नाही, पर्स मांडीवर धरून ती खुर्चीच्या कडेला बसून राहिली. आधी मुलुंडच्या एका गृहस्थांनी अध्यक्षांवर कविता म्हटली. मग घाटकोपरच्या बाईंनी चेहऱ्यावरच्या तेजाचं कौतुक केलं. मग आजोबांचं नाव पुकारलं गेलं.

शर्मिष्ठाने मोबाइलवर वेळ लावली. अध्यक्षांचे आभार झाले, पन्नास सेकंद. संचालकांची नावं आजोबांनी एकेक करून घेतली, चुकलेलं एक आडनाव माफी मागून पुन्हा नीट म्हटलं. दोन मिनिटं दहा. तिने घड्याळ त्यांच्या नाकासमोर धरलं. त्यांनी मान हलवली आणि सेक्रेटरी विभागाला धन्यवाद दिले. दोन पंचावन्न.

"आता माझा प्रश्न. तपासणीनंतर उरलेला अर्धा—"

आवाज बंद झाला. आजोबा बोलतच होते, ओठ हलत होते. एक गोड बाई म्हणाली, आपल्या शुभेच्छांबद्दल धन्यवाद सर, आता पुढचे वक्ते, बोरिवलीहून. शर्मिष्ठाने माइकचं बटण दाबून दाबून बोट दुखवून घेतलं. पडद्यावर एकच ओळ येत होती, आयोजकांनी तुमचा आवाज बंद केला आहे.

ल्युसीआँटी उठली.

"आभार मात्र छान मानलेत हां, भाऊ," ती म्हणाली. दार तिने हळूच ओढून घेतलं. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

तीन आठवड्यांनी कंपनीने सभेचा वृत्तांत टाकला. शर्मिष्ठाने तो दोनदा वाचला. "श्री. विद्याधर यांनी संचालक मंडळाच्या कामगिरीबद्दल समाधान व्यक्त केले." प्रश्नाचा उल्लेख नव्हता. ल्युसीआँटीने तो आधीच वाचला होता. गावठाणातून जाताना शर्मिष्ठाने हाक मारली, तर आँटी वाळत घातलेले बोंबील उलटत राहिली.

संध्याकाळी आजोबा कंपनीला पत्र लिहायला बसले. शर्मिष्ठा मागे जाऊन उभी राहिली. तेच मोत्यासारखं अक्षर. "सविनय नमस्कार. आपण वृत्तांत तत्परतेने प्रसिद्ध केलात, त्याबद्दल प्रथम आपले..."

तिने त्यांच्या हातातलं पेन घेतलं आणि कागद फाटेपर्यंत ती ओळ खोडली.

आजोबा रागावले नाहीत. त्यांनी नवा कागद पुढे ओढला.

"मग सुरुवात कशी करू?" त्यांनी विचारलं. खरंच विचारत होते. त्यांना येत नव्हतं.