उस्ताद आणि बिनगिअरची गाडी

उस्तादांनी बत्तीस वर्षं शहरबस चालवली. त्यातली शेवटची दहा नव्या ड्रायव्हरांना शिकवण्यात गेली. त्यामुळे बायकोने शिवणकामाच्या दुकानासाठी ऑटोमॅटिक स्कूटर आणली, तेव्हा गाडीभोवती एक फेरी मारून त्यांनी निकाल दिला, "क्लच नाही, गिअर नाही. ही गाडी आहे की पाळणा?"

"मग बसून झोका घ्या की," बायको म्हणाली. माहितीपुस्तक तिने दोनदा वाचून काढलं होतं. सीटखालच्या डिकीत अकरा गणवेश मावतात, हेही घड्या घालून पाहिलं होतं.

उस्तादांनी बटण दाबलं. गाडी ढिम्म.

"बॅटरी गेली! नव्या गाडीची! मी म्हणत नव्हतो?"

"साइड स्टँड वर करा," मशीनवरची नजर न काढता बायको म्हणाली. "तो खाली असला की इंजिन सुरू होत नाही."

स्टँड वर गेला, गाडी सुरू झाली. वळणावर वेग कमी करताना मोटरसायकलच्या जुन्या सवयीने डाव्या हाताने क्लच दाबला. तिथे ब्रेक होता, आणि तो एकदम दोन्ही चाकांना लागणारा. उस्तादांचं पोट हँडलवर आदळलं. समोरच्या न्हाव्याने गिऱ्हाइकाच्या गालावरचा वस्तरा उचलून धरला आणि मग मनसोक्त हसून घेतलं.

हे त्यांच्या जिव्हारी लागलं. गुरुवारी दुपारी बायको फाटकात गिऱ्हाइकाशी बोलत असताना त्यांनी गुपचूप स्कूटर काढली. या गाडीला चावी फिरवावी लागत नाही, ती जवळपास असली की पुरतं. गाडी सुरू झाली आणि उस्ताद निघाले. जरा पुढे गेल्यावर वेगाच्या काट्याशेजारी लाल दिवा लुकलुकला, पीं पीं वाजलं. त्यांनी तिकडे काणाडोळा केला. मूठ पिळली की गाडी लोण्यासारखी पुढे सरकत होती. तळ्यापर्यंत ते चक्क शीळ घालत गेले.

तिथे गाडी बंद केली, आणि ती पुन्हा सुरूच होईना. नाइलाजाने फोन लावला.

"चावी माझ्या पर्समध्ये आहे," बायको म्हणाली.

"मग घेऊन ये ना."

"कशावरून येऊ? स्कूटर तर तुम्ही नेलीत."

ती बसने आली. ड्रायव्हर उस्तादांच्याच हाताखाली शिकलेला. खिडकीतून डोकं काढून म्हणाला, "काय उस्ताद, गाडी बंद पडली?"

"बंद कसली पडतेय? तिला माझी ओळख पटत नाहीये!"

अख्खी बस हसली. हसण्यात बायकोचा आवाज सगळ्यात मोठा होता.

परतताना ती पुढे बसली, उस्ताद मागे. चढावर इंजिनाचा आवाज जरा बदलला, पण गाडी कुठे अडखळली नाही. न राहवून त्यांनी तिच्या कानाशी विचारलं, "अगं, गिअर न बदलता चढते कशी?"

"आत एक पट्टा असतो. चढ आला की तो पुलीवर आपला आपण खाली-वर सरकतो."

"कुणी न सांगता?"

"कुणी न सांगता. घरातल्या काही माणसांपेक्षा शहाणा आहे."

चढ संपल्यावर उस्ताद जरा पुढे झुकले. मग हळूच म्हणाले, "सकाळी मला वेळ आहे. शिकवशील?"

आता दुकानातले कपडे उस्तादच घरोघर पोचवतात. वाटेत कुणी गाडीबद्दल विचारलं, की स्टँड लावून त्याला पट्ट्याची सगळी हकीकत ऐकवतात, अगदी तो स्वतःच बसवल्याच्या थाटात.