रांजणाचं घर

“वासूकाका, तुमचा नारळ आज गाडीतच ठेवायचा,” नीरव म्हणाला.

वासुदेव परबाने डॅशबोर्डवरचा नारळ उचलून नुकताच पाठपिशवीत टाकला होता. त्याचा हात पिशवीतच थांबला.

“का हो साहेब? दर वेळी नेतो.”

“दर वेळी नेता म्हणूनच. मागच्या ग्रुपमधल्या एका बाईने व्हिडिओ टाकलाय. तुम्ही त्या पडक्या घराच्या दारात बसून काहीतरी बोलताय आणि आमची अस्मी मागे उभी राहून ओरडतेय. खाली कमेंट काय, तर ‘इज धिस ब्लॅक मॅजिक?’ काका, इथे असल्या बाबतीत कायदा कडक आहे. कोणी कम्प्लेंट केली तर माझं लायसन्स जाईल, आणि तुम्ही आत जाल.”

“जादू नाय ती साहेब. गाऱ्हाणं आहे.”

“मला माहितीये हो. पण पोलिसांना कोण समजावणार? खलास. नारळ नाही, गाऱ्हाणं नाही. यल्ला, चला, मंडळी खाली येतायत.”

वासुदेवाने नारळ परत डॅशबोर्डवर ठेवला आणि गाडी सुरू केली.

सत्तावन्न वर्षांचा वासुदेव बावीस वर्षांपूर्वी मालवणजवळच्या एका वाडीतून दुबईला आला. पहिली पंधरा वर्षं जबल अलीच्या कॅम्पमध्ये राहून त्याने कामगारांची बस चालवली. मग नीरव आणि त्याची बायको काव्या यांनी अल कुसैसमध्ये आपली छोटी सहलींची कंपनी काढली, तेव्हा तो त्यांच्याकडे आला. काव्या योग शिकवायची. एकदा ती एका शिबिरासाठी पेरू देशात जाऊन आली होती. तिथल्या उंच डोंगरांत इंका लोकांची जुनी, पडकी नगरं आहेत. त्या दगडी भिंतींमध्ये बसून दहा दिवस योग करायचा आणि डोंगर चढायचे, असं ते शिबिर होतं. परत आल्यावर ती म्हणाली, “एवढ्या लांब कशाला जायचं? आपल्याकडेपण डोंगर आहेत, आपल्याकडेपण पडकी गावं आहेत.” तेव्हापासून हिवाळ्यातल्या दर शनिवारी वासुदेव दहा-बारा माणसांना रास अल खैमाच्या डोंगरात घेऊन जात असे. गाडी चालवायची, चटया आणि पाणी वर न्यायचं, चहा करायचा आणि चालताना सगळ्यांच्या मागे राहायचं, एवढं त्याचं काम. मागे राहायचं ते कोणी सुटू नये म्हणून.

त्यांची नऊ वर्षांची मुलगी अस्मी प्रत्येक सहलीला यायची आणि त्याच्या मागच्याच सीटवर बसायची.

“आजोबा, व्हाय इज द कोकोनट हिअर? पिशवीत टाका ना.”

“आज तो गाडीची राखण करणार.”

“दॅट्स नॉट द रूल!”

नीरवने मागून नुसतं “अस्मी” म्हटलं. ती गप्प झाली.

गाऱ्हाण्याचा नियम तिला वासुदेवानेच शिकवला होता. ओसाड वस्तीत शिरायचं तर तिथल्या राखणदाराला आधी सांगावं. आम्ही आलोय, आमची चूकभूल पदरात घे, आम्हाला सुखरूप परत पाठव. एकाने सांगायचं आणि बाकीच्यांनी दर वाक्याला “व्हय म्हाराजा” म्हणायचं. मागे कोणी म्हणणारं नसेल तर गाऱ्हाणं पुरं होत नाही. आणि कानावर पडलं की म्हणायचंच, तिथे लाजायचं नाही. गावाकडे देवळात गाऱ्हाणं घालायचा मान वासुदेवाच्या बापाकडे होता. बाप गेला तेव्हा वासुदेव इथे होता, म्हणून मान चुलतभावाकडे गेला. रजेवर गेला की वासुदेव गर्दीत मागे उभा राहून इतरांबरोबर “व्हय म्हाराजा” म्हणत असे. पुढे होऊन गाऱ्हाणं घालायला त्याला जगात एकच जागा मिळाली होती, डोंगरातलं ते ओसाड गाव, आणि ते त्याचं नव्हतं.

*

रस्ता संपतो तिथून वादी सुरू होते. वादी म्हणजे पाऊस पडला तरच वाहणारा ओढा. एरवी त्यात नुसते गोटे. तिथून दीड तास चढून गेलं की गाव दिसतं. वीस-बावीस दगडी घरं, बहुतेकांची छपरं पडलेली. माणसं केव्हाच खाली शहरात राहायला गेली. एकच घर अजून शाबूत होतं. अर्धं जमिनीत, अर्धं वर, आणि दार इतकं बुटकं की मोठ्या माणसाला रांगतच आत जावं लागे. आत पुरुषभर उंचीचा मातीचा रांजण होता.

पहिल्या वेळी अस्मीने विचारलं होतं, “आजोबा, दार एवढं छोटं. मग एवढा मोठा जार आत गेला कसा?”

“तू सांग बघू.”

तिने खूप विचार केला. वासुदेव थांबला. त्याला घाई नव्हती.

“दे मेड द हाउस लेटर?”

“शाबास. आधी रांजण ठेवला, मग त्याच्याभोवती घर बांधलं. आता घर पाडल्याशिवाय तो बाहेर येणार नाय.” हे त्याला खाली शेळ्या राखणाऱ्या म्हाताऱ्या अहमदने सांगितलं होतं. उन्हाळ्यात लोक खाली उतरताना दाराला लाकडी कुलूप लावत आणि थंडी पडली की परत येत, असंही अहमद म्हणाला होता. मग एका हिवाळ्यात कोणी आलंच नाही.

आज वासुदेव त्या घरासमोर पोचला आणि उभाच राहिला. दोन वर्षांत त्याने ठेवलेल्या नारळांच्या करवंट्या उंबऱ्याशी पडून असायच्या. त्यातली एकही नव्हती. उंबरा झाडून काढल्यासारखा स्वच्छ होता. शेजारच्या घरांपुढे मात्र शेळ्यांच्या लेंड्या आणि काटक्या तशाच होत्या.

“साहेब, तुम्ही साफ करून घेतलंत?”

“मी कशाला? वाऱ्याने गेलं असेल,” नीरव म्हणाला. “बरंच झालं.”

न विचारता कोणाच्या स्वयंपाकघरात शिरल्यासारखं वासुदेवाला वाटत होतं. सवयीने हात जोडले गेले. त्याने ते सोडवले आणि चटया अंथरायला घेतल्या.

काव्याने आसनं घेतली. मग सगळ्यांना शवासनात झोपवून ती म्हणाली, “आता वीस मिनिटं पूर्ण शांतता. कोणी काही बोलणार नाही.” बारा माणसं डोळे मिटून उन्हात पडली. खरं तर त्या डोंगरात कायम काहीतरी वाजत असतं. वारा असतो, लांबची शेळी असते, दगड सुटत असतो. आज काहीच वाजत नव्हतं. स्टोव्हवरचं आधण उकळत होतं, त्याचासुद्धा आवाज होत नाहीये असं वासुदेवाला वाटलं. त्याने खाली वाकून पाहिलं. पाणी उकळत होतं.

वीस मिनिटांनी काव्याने घंटा वाजवली. माणसं उठून बसली.

अस्मीची चटई रिकामी होती.

*

पहिली दहा मिनिटं कोणी घाबरलं नाही. मग नीरवने हाक मारली, काव्याने मारली, मग सगळेच ओरडू लागले. “अस्मी!” समोरचा कडा प्रत्येक हाक परत पाठवत होता. थोड्या वेळाने कोणती हाक माणसाची आणि कोणती कड्याची ते कळेना. कोणी वरच्या शेतांकडे धावलं, कोणी दरीच्या काठाकडे. काठापासून खाली सरळ तीनशे फूट होते. रांजणाच्या घरात नीरवने वाकून बॅटरी मारली. रांजण आणि अंधार. “नाहीये इथे!”

अर्धा तास गेला. फोनला रेंज नव्हती. काव्या दरीच्या काठावर पोटावर झोपून खाली बघत होती आणि तिचा आवाज पार बसला होता.

“ती ओ का देत नाहीये?” ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. “एवढ्यातच असेल तर ओ का देत नाहीये?”

तेव्हा वासुदेवाला आठवलं.

दोन शनिवारांपूर्वी, उतरताना, गंमत म्हणून त्याने तिला सांगितलं होतं, त्याच्या आजीने त्याला सांगितलं होतं तसं. ओसाड जागी, उन्हं डोक्यावर आली की, कोणी नावाने हाक मारली तर ओ द्यायची नाय. आपलं माणूस असेल तर ते समोर येऊन बोलेल. समोर येत नसेल तर ते आपलं नव्हे. अस्मीने डोळे मोठे करून विचारलं होतं, “प्रॉमिस?” आणि तो हसून म्हणाला होता, “प्रॉमिस.”

“साहेब,” तो नीरवकडे गेला. “सगळ्यांना गप्प करा. कोणी तिचं नाव घेऊ नका.”

“काय?”

“नावाने ती ओ देणार नाय. मीच तिला तसं शिकवलंय.”

नीरवने हात वर केला आणि सगळे थांबले. कड्यातून शेवटची हाक परत आली आणि विरली.

घरांच्या मधोमध मोकळी जागा होती. वासुदेव तिथे उभा राहिला. बारा माणसं बघत होती, त्यांतल्या दोघांच्या हातात फोन होते. त्याने चपला काढल्या, हात जोडले आणि बापाच्या आवाजात, पोटातून, सुरुवात केली.

“बा देवा म्हाराजा! ह्या गावचो जो कोण राखणदार आसात, त्येका हात जोडून गाऱ्हाणा घालतंय रे म्हाराजा!”

तो थांबला. डावीकडून, जमिनीखालून आल्यासारखा, अगदी हलका आवाज आला. व्हय म्हाराजा.

तो डावीकडे चार पावलं सरकला.

“तुका न विचारता आमी तुझ्या घरात इलों, नारळ ठेवलो नाय, मान दिलो नाय. ती चूक माझी, ती पदरात घे रे म्हाराजा!”

व्हय म्हाराजा. या वेळी जवळून, आणि जाड, दगडावर दगड घासावा तसा. तो रांजणाच्या घरासमोर आला होता. त्याने काव्याकडे पाहिलं. ती जागची हलली नव्हती, जणू तिला काही ऐकूच आलं नव्हतं.

“आनि आमचा जा लेकरू चुकला हा, ता सुखरूप आवशी-बापाशीच्या हातात दी रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

हा आवाज सगळ्यांनी ऐकला. तो अस्मीचा होता.

वासुदेव रांगत आत गेला. रांजणाच्या मागे, भिंत आणि रांजण यांच्यामधल्या वीतभर वाटणाऱ्या फटीत, ती गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. अंग थंड पडलं होतं, पण ती रडत नव्हती.

“आजोबा, तुम्ही समोर आलात,” ती म्हणाली.

“आलो बाय. चल.”

“समबडी कॉल्ड मी. ममासारखं. मी आत आले तर कोणीच नव्हतं. मग जारमधून माझं नाव आलं. मग मी कोणालाच ओ दिली नाही. सगळे कॉल करत होते, तरीपण नाही.”

“बरं केलंस.” त्याने तिचे थंड हात चोळले. “आणि गाऱ्हाण्याला तीनदा ओ दिलीस, ते तर फार बरं केलंस.”

“तीनदा नाही. ओन्ली लास्ट वन. आधीचं त्याने म्हटलं.” तिने रांजणाकडे बोट दाखवलं. “म्हणून मला कळलं, की तुम्ही म्हणजे तो नाही, तुम्ही खरे आहात.”

वासुदेवाने रांजणाकडे पाहिलं नाही. तिला पुढे घालून, रांजणाकडे पाठ करूनच, उंबरा चाचपत तो बाहेर आला.

*

परतीच्या वाटेवर अस्मी झोपली. अल कुसैसला सगळे उतरल्यावर नीरव गाडीच्या दाराशी थांबला. त्याचे डोळे लाल होते.

“काका, ओ द्यायची नाही हे तुम्ही तिला शिकवलंत.”

“हो.”

“पंधरा पावलांवर होती ती. पंधरा पावलांवर. आम्ही दरीत बघत होतो.”

“हो साहेब.”

आपल्याच गाऱ्हाण्यामुळे ती सापडली, असं वासुदेव म्हणू शकला असता. त्याने किल्ली काढून नीरवच्या हातात दिली. नीरवने ती घेतली. “रागावू नका,” नीरव हळूच म्हणाला. “पण परत तुम्हाला वर नेऊ शकत नाही मी.”

“बरोबर आहे तुमचं.”

काव्या अस्मीला खांद्यावर घेऊन उभी होती. वासुदेवाने डॅशबोर्डवरचा नारळ उचलला आणि तिच्यापुढे धरला.

“वहिनी, हा द्यायचा राहिलाय. कधी वर गेलात तर उंबऱ्यावर ठेवा. काय बोलायची गरज नाय.”

तिने नवऱ्याकडे पाहिलं. मग मोकळा हात पुढे केला आणि नारळ घेतला.

महिनाभराने वासुदेव पुन्हा जबल अलीत होता. जुन्या ओळखीच्या रामेश्वरने त्याला कामगारांच्या बसवर लावून दिलं. गोदामांच्या फाटकावर सकाळी सहाला पन्नास माणसं चढायची. नेपाळी, बंगाली, पठाण, दोघे-तिघे बिहारचे. डबे मांडीवर घेऊन बसायची आणि बस हलायच्या आत झोपून जायची. मराठी त्यांच्यात कोणी नव्हतं, हे त्याने पहिल्याच दिवशी विचारून घेतलं होतं.

एका सकाळी फोनवर काव्याकडून एक फोटो आला. बुटकं दार, स्वच्छ उंबरा, त्यावर नारळ. खाली काही लिहिलेलं नव्हतं. त्याने तो बराच वेळ पाहिला आणि फोन खिशात ठेवला. सूर्य क्रेनांच्या मागून वर येत होता. सगळी बस झोपली होती. किल्लीवर हात ठेवून तो अगदी स्वतःशी म्हणाला,

“ह्या सगळ्यांका सुखरूप घेवन जा नि सुखरूप आणून सोड रे म्हाराजा.”

मागच्या सीटांकडून, दगडावर दगड घासावा तसा, आवाज आला. व्हय म्हाराजा.

वासुदेवाने आरशात पाहिलं नाही. चपला काढून त्याने सीटखाली सारल्या आणि अनवाणी पायाने क्लच दाबला.