उजवी बाजू रिकामी होती

मी एक जुना फळा आहे, मित्रांनो, आणि जरा तापट आहे. माझ्या अंगाला मोठा तडा गेला आहे, म्हणून मला कोणी हौसेने बघत नाही. पण तो तडा कसा पडला, हे तुम्हाला कळलंच पाहिजे.

सुताराने मला जाड फळ्या जोडून घडवलं, काळा रंग दिला आणि लाकडी स्टँडवर उभं केलं. सुरुवातीला माझे फार लाड झाले. मला ओल्या फडक्याने पुसायला मुलं भांडायची. पुढे भिंतीवर गुळगुळीत हिरवा फळा आला आणि माझी रवानगी कोपऱ्यात झाली.

तिथून मला भाषेच्या बाईंनी ओढून काढलं. त्या माझ्यावर मधोमध उभी रेघ मारत. डावीकडे लेखकाचं म्हणणं, उजवीकडे त्याने दिलेला आधार.

"आणि उजवीकडे लिहायला काही सापडलंच नाही तर?" बाई विचारत.

"तर लेखक नुसत्या थापा मारतोय, बाई," शिंप्याची मुलगी म्हणायची. मला ती फार आवडायची.

बाईंची एक पद्धत होती. डावी बाजू आज लिहायची, उजवी उद्या. मधल्या वेळात मुलांनी घरी मजकूर पुन्हा वाचायचा.

त्या आठवड्यात शेजारच्या गल्लीतला एक मुलगा हरवला. भिंतींवर शाळेच्या पहारेकरी काकांवर आळ घेणारी, बिननावाची पत्रकं लागली. शिंप्याच्या मुलीने त्यातलं एक सोलून वर्गात आणलं. बाईंना वाटलं, धड्यासाठी याहून चांगला मजकूर कुठला मिळणार? त्यांनी पत्रकातलं म्हणणं माझ्या डाव्या बाजूला ठळक अक्षरांत लिहिलं, 'शाळेचा पहारेकरी मुलं पळवतो.' तेवढ्यात घंटा झाली. मी रस्त्याकडच्या खिडकीपाशी होतो.

संध्याकाळी कोणीतरी खिडकीतून डोकावलं. "अरे, शाळेतच लिहून ठेवलंय! बाईंचं अक्षर आहे."

बघता बघता गर्दी जमली. पहारेकरी काका पिंपात पाणी भरत होते. पहिला दगड त्यांच्या कानशिलावर बसला. ते धडपडत वर्गात आले आणि माझ्या मागे लपले. दार लाथांनी तुटलं. मी त्यांच्यावर आडवा पडलो आणि लोक माझ्यावर नाचले. माझी फळी तडकली तेव्हा खालून काकांचा श्वास मला लागत होता. मग मला बाजूला फेकलं. शिंप्याने माझ्या स्टँडचा पाय उपसला आणि काकांच्या डोक्यात घातला. पुन्हा घातला. बाई धावत आल्या आणि काकांच्या अंगावर पडल्या. त्यात बाईंचा हात मोडला.

"आधार काय? कोणी काही पाहिलंय का?" त्या ओरडत होत्या.

"तुम्हीच तर लिहिलंय," शिंपी म्हणाला.

खिडकीबाहेर त्याची मुलगी उभी होती.

काका दवाखान्यात गेले ते परत आलेच नाहीत. हरवलेला मुलगा रुसून मामाकडे गेला होता, तो जेवूनखाऊन परत आला. पोलिसांनी चौकशी केली तेव्हा काकांवर पालथ्या पडलेल्या बाईंना मारणारा दिसला नव्हता, आणि गल्लीत तर कोणालाच काही दिसलं नव्हतं. मला इतका संताप आला की काय सांगू! पण फळ्याला तोंड नसतं.

शाळा पुन्हा भरली. बाईंचा हात गळ्यात बांधलेला होता. त्यांनी मला भिंतीला टेकवलं. डावीकडचं वाक्य पुसट झालं होतं, पण अजून वाचता येत होतं.

"हे मी अर्धंच लिहून गेले," बाई म्हणाल्या. त्यांनी खडू वर्गापुढे धरला.

शिंप्याची मुलगी उठली. तिने उजवीकडे लिहिलं, 'आधार नाही.' मग तिने खाली, डावीकडे लिहिलं, 'माझ्या बाबांनी काकांना मारलं.' उजवीकडेही तिने स्वतःच लिहिलं, 'मी पाहिलं.'

बाईंनी तिला जवळ घेतलं आणि मग पोलिसांना बोलावलं.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. फक्त माझ्यावर लिहिलेलं वाचून कोणावर हात उगारू नका. आधी आधार विचारा. आणि तो तुमच्याकडेच असेल, तर तो सांगताना कितीही रडू आलं, तरी सांगा.