कूस

"हे काय झालंय यांच्या पाठीला?" बायकोने विचारलं आणि खाटेभोवतीचे हात थबकले.

अतिदक्षता विभागातल्या भिंतीकडच्या खाटेवर तिचा नवरा होता, घरं रंगवणारा धिप्पाड माणूस. न्यूमोनियाने त्याला आडवा केला होता. श्वास मशीन देत होतं आणि रक्तदाब औषधांच्या टेकूवर उभा होता. ड्रेसिंगसाठी त्याला नुकतंच कुशीवर घेतलं होतं, तेवढ्यात भेटीच्या वेळेआधीच बायको आत शिरली. माकडहाडापाशी तळहाताएवढी जखम, कडेने काळी पडलेली. तिने ती पहिल्यांदाच पाहिली.

ड्रेसिंग करत होती ती कुशीबाई. हे नाव वॉर्डातल्यांनीच ठेवलेलं. दर दोन तासांनी पेशंटची कूस बदललीच पाहिजे, मग डॉक्टर राउंडला असोत की आभाळ कोसळो, असा तिचा खाक्या. "हिच्या घरी नवऱ्याला तरी सुखाने झोपू देत असेल का?" असं वॉर्डमामा तिच्या तोंडावर म्हणायचे. "पडून राहिलं की माणूस सडतो, मामा," एवढंच तिचं उत्तर. सबंध नोकरी तिने अशी माणसं उलटवण्यात काढली होती.

ही जखम कशी झाली, ते तिला पक्कं ठाऊक होतं. गेल्या आठवड्यात एका दुपारी ती मामांना घेऊन कूस बदलायला आली, तेव्हा बायकोने हात जोडले होते. "आत्ता कुठे डोळा लागलाय हो. हलवलं की कसं तोंड करतात, बघवत नाही मला. आजची दुपार राहू द्या ना, सिस्टर."

कुशीबाई अशा विनवण्यांना भीक घालणारी नव्हती. पण त्या दुपारी त्या माणसाच्या कपाळावरची आठी पहिल्यांदाच गेली होती, आणि बायको त्याचा भेगाळलेला अंगठा कुरवाळत बसली होती. कुशीबाईचा जीव कळवळला. पाय न वाजवता ती परत फिरली. त्याच्या कातडीला रक्त आधीच बेताचं पोचत होतं. दोन दिवसांनी तिथे जांभळा डाग उमटला आणि पुढे तो फुटला.

"सांगा ना, कशानं झालं?"

मामांनी घसा खाकरला. "अहो ताई, त्या दिवशी तुम्हीच..."

"मामा, गॉझ संपलाय. घेऊन या." आवाज असा की मामा मुकाट्याने गेले.

खरं सांगितलं तर ही बाई जन्मभर त्या दुपारपाशीच घुटमळत राहील, हे कुशीबाईला लख्ख दिसलं. आणि परत फिरली होती ती स्वतःच ना?

"माझ्याकडून हयगय झाली," ती म्हणाली. "कूस बदलायला हवी होती. नाही बदलली."

"तुमच्या भरवशावर टाकलं होतं मी यांना!" बायकोचा आवाज फाटला. "तुमचा माणूस असता, तर असा कुजवला असता?"

कुशीबाईने मान वर केली नाही. झोंबलं तिला, फार झोंबलं. हात मात्र जखमेवर पट्टी बसवत राहिले.

पुढे ताप चढला तो उतरलाच नाही. जखमेतलं विष रक्तात भिनलं की फुप्फुसांनीच हात टेकले, हे डॉक्टरांनाही धड सांगता येईना. माणूस गेला.

"अंग मी पुसणार यांचं," बायको म्हणाली. "आणि त्या बाईचा हात लागायला नको."

मामांनी पडदा ओढला. कुशीबाई बाहेर उभी राहिली. आत फडकं पिळल्याचा आवाज आला, मग बायकोचा. "किती गार पाणी आहे हो हे!"

कुशीबाई लगबगीने गेली, कोमट पाण्याने भांडं भरलं, मनगट बुडवून पाणी पाहिलं आणि पडद्याखालून हळूच आत सरकवलं. बायकोच्या हाताने ते ओढून घेतलं.

"हं, आता बरंय बघा," आत ती नवऱ्याला म्हणत होती.